उड्यांसाठी मी नव्हते

मी एक सायकल बोलतेय. तेही जीव मुठीत धरून, तेव्हा बोलताना मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

सडपातळ नळ्या, पुढे धक्के झेलायला एक लहानसा शॉक, मागे काहीच नाही, अशी मी कारखान्यातून बाहेर पडले. डोंगरातल्या पायवाटेने चढ चढावा, वळणं घ्यावीत, वारा खात घरी यावं, एवढ्यासाठीच माझा जन्म. दुकानात माझ्या शेजारी थोरली उभी असायची. जाड हाडाची, पुढेमागे दणकट शॉक, रुंद टायर, ब्रेकच्या मोठाल्या चकत्या. ती उतारावरून सुसाट यायला आणि उड्या मारायला बनवलेली. चढावर मात्र तिला ढकलत न्यावं लागे.

दुकानात येणाऱ्यांची एक गंमत सांगते. जो तो सायकल आधी एका हाताने उचलून बघतो. हलकी लागली की चेहरा खुलतो. जणू सायकलीवर बसायचं नसून तिलाच कडेवर घेऊन हिंडायचंय!

एके दिवशी एक मावशी आणि तिची भाची आल्या. मावशी बस चालवायची. भाचीला तिनेच लहानाचं मोठं केलेलं. दुकानदाराने विचारलं, "कुठे चालवणार?"

भाचीने मावशीकडे चोरून पाहिलं. "डोंगरावर... फिरायला."

म्हणाली खरी, पण तिची नजर थोरलीवरून हलेना. मला तेव्हाच धसका बसला. फिरायला जाणारं माणूस असं बघत नाही.

दुकानदार बिचारा ऐकलं त्यावर चालला. "मग ही घ्या. हलकी आहे, चढ सोपा जाईल."

मावशीने मला उचललं आणि खूश झाली. "हीच घेऊ. तो रणगाडा कशाला उगाच?"

अगं, खरं बोल ना, असं ओरडावंसं वाटलं मला. पण सायकलीला तोंड कुठलं!

पहिल्याच सुट्टीच्या दिवशी भाचीने मला उताराच्या माथ्यावर नेलं. खाली उडी घ्यायला मातीचा उंचवटा रचलेला होता. तो पाहून माझ्या चाकातली तार न् तार थरथरली. निम्म्या उतारातच ब्रेक तापले. मग जमीन सुटली. खाली आलो ते दाणकन. शॉक तळाला आदळला, पुढचं चाक मुडपलं आणि पोर माझ्यावरून पलीकडे फेकली गेली. बराच वेळ ती हललीच नाही. मी तिथेच आडवी पडून नुसती बघत होते.

जिवावर बेतलेलं मनगटावर निभावलं. दवाखान्यात मावशी आधी रडली, मग कडाडली. "मला फसवलंस ते फसवलंस, दुकानदाराला तरी खरं सांगायचंस!"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! आत्ताही म्हणतेय. ऐकणारेस?"

भाचीची नजर खिडकीतून डोंगराकडे वळली. मावशी काय समजायचं ते समजली.

हाड जुळल्यावर मला दुरुस्त करायला दोघी पुन्हा दुकानात आल्या. दुकानदाराने काही विचारायच्या आत मावशीच म्हणाली, "ही उड्या मारणार आहे. माझ्या बापाचंही ऐकायची नाही. आता सांगा, कुठली घ्यायची?"

दुकानदाराने थोरली पुढे काढली. भाचीला बसवून उंची पाहिली, तिच्या वजनाला शॉक बेतून दिला, अख्खं तोंड झाकणारं हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड समोर ठेवले. मावशीने ब्रेक एका बोटाने दाबून पाहिला. मग पुन्हा दाबला.

"जड आहे गं," भाची हळूच म्हणाली.

"असू दे."

मी आता मावशीची झाले. भाची डोंगरावर निघाली की ती माझ्यावर बसून उताराच्या पायथ्याशी येते. आत्ताही आलोय. वर एक ठिपका दिसत होता, तो सुटला. मावशीने माझी मूठ इतकी आवळलीय की रबर चेपलं. तिला डोळे मिटायचेत, पण मिटवत नाहीत.

थोरले, माझं बोलणं तुला तिथवर ऐकू येतं की नाही कोण जाणे. अंगात असेल नसेल तेवढं बळ आता लाव. पोरीला हवं तेवढं उंच ने, पण खाली अलगद ठेव. आम्हा दोघींना ती एकच आहे.