भरड्यावरच्या माश्या

शरणप्पांनी मधपेटीचं झाकण उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. चौकटीच्या कडेला परागानं भरलेली पिवळी-केशरी घरं असायची, तिथं नुसतं रिकामं मेण होतं. पेटीच्या तोंडाशी माश्यांनी चार-पाच पांढरी पिलं बाहेर टाकली होती आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. मे अर्धा सरला होता. कडुलिंबाचा मोहर कधीच झडला, आता त्या उन्हात कशालाच फूल नव्हतं. साखरेचं पाणी ते रोज ठेवत होते, पण साखरेवर पिलं वाढत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.

झाकण बसवून ते गच्चीच्या पायरीवर टेकले. काल बायकोचं, शिवबाईचं डायलिसिस होतं. पहाटे उठायचं, रिक्षा, चार तास दवाखान्याच्या बाकावर, पुन्हा रिक्षा. आठवड्यातून तीनदा, गेली दोन वर्षं. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी उभ्यानं केली, तेव्हाही पाय असे भरून येत नव्हते.

भिंतीपलीकडून पारूबाईची हाक आली.

"अण्णा, ओ अण्णा! तुमच्या माश्या हितं आल्यात बगा. कोंबड्या खायाला जवळ यीनात."

पंधरा वर्षांचा शेजार, पण त्या परसात शरणप्पांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. बोलणं व्हायचं ते भिंतीवरून. पारूबाई एकटीच राहायची. दुपारी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला जायची ती रात्रीच परतायची.

ते खाली उतरले आणि फाटकातून आत गेले, तशी ती दचकली.

"आज देवळात न्हाई गेलात?"

"पेटी उघडली हुती. निघायला झालंच न्हाई."

पारूबाईनं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग पत्र्याच्या घमेल्याकडे बोट केलं. घमेल्यात कोंबड्यांचा भरडा होता आणि त्यावर माश्याच माश्या. काही त्या पिठात लोळत होत्या. काही वीतभर वर तरंगत, अंगावरचं पीठ पायांनी झाडून मागच्या पायाला थापत होत्या. सात-आठ कोंबड्या बाजेखालच्या सावलीत माना वर करून उभ्या होत्या.

"पाणी वतू का वरनं?"

"नको. नको, पारू." शरणप्पा उकिडवे बसले. "पराग न्यावा तसं न्यायलेत. पायाला गोळे बघ."

"आन् मधात घालत्यात व्हय हे?"

"मधात न्हाई. पिलांना लागतंय. अंग धराय." ते थोडा वेळ बघत राहिले. "ह्यात काय काय असतंय?"

"मका, सोयापेंड." ती अडखळली. "सुकटीचं पीठ बी असतंय जरा. तुमच्यात चालत न्हाई, ठावं हाय मला. झाकून ठिवू का?"

शरणप्पांचा हात सदऱ्याआड गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगापाशी गेला. श्रावणात या पेट्यांमधला मध अभिषेकाला जायचा. एक माशी भरलेल्या पायांनी उडाली, भारानं खाली आली, पुन्हा उडाली आणि भिंतीवरून जेमतेम पलीकडे गेली.

"झाकू नको," ते म्हणाले. "त्यांना एका ताटलीत येगळा ठेव. भरडा मी आणून देतो."

काम झालं होतं, तरी ते उठले नाहीत.

जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रक्तातलं प्रथिन फार कमी झालंय, रोज दोन अंड्यांचं पांढरं द्या. त्यांनी लगेच उत्तर दिलं होतं, आमच्यात चालत नाही. शेजारी बसलेली शिवबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली होती. तेव्हापासून ते मूग उकडत होते, पनीर आणत होते. ती दोन घास खायची आणि "साकु, पुरे" म्हणून ताटली सारायची. उरलेलं तेच खायचे. मागच्या तपासणीत आकडा थोडा वर आला होता. जे देताय ते चालू ठेवा, असं बाई म्हणाल्या, पण अजून कमीच आहे.

"पारू, दोन अंडी देशील? हिच्यासाठी. नुसतं पांढरं."

पारूबाईच्या हातातला झाडू थांबला. तो भिंतीला टेकवून ती आत गेली आणि लगेच स्टीलची वाटी घेऊन आली. वाटीत दोन अंडी उकडून, सोलून ठेवलेली होती. अजून कोमट होती.

"तुझ्या डब्यातली का?"

"असू द्या. न्या तुमी."

वाटी धोतराच्या सोग्याआड धरून शरणप्पा घरी आले. पंखा सावकाश फिरत होता. शिवबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सुयांनी फुगलेला हात उशीवर ठेवलेला. पावलं ऐकून तिनं डोळे न उघडताच म्हटलं,

"आलीस व्हय पारू? हळू ये. हे आज देवळात गेले न्हाईत. गच्चीवर हायती."

शरणप्पा दारातच उभे राहिले. पलीकडच्या परसात कोंबडीनं एकदा आवाज केला आणि ती गप्प झाली.

"मी हाय," ते म्हणाले.

शिवबाईनं डोळे उघडले. त्यांच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि उठून बसायची धडपड केली. त्यांनी पुढे होऊन तिच्या पाठीला उशी लावली.

"कधीपासनं?"

"संक्रांत झाल्यापासनं." तिनं मान खाली घातली. "तुमच्यातलं बी खात हुते की. पन तेवढ्यानं उभंच राहवंना. तुमास्नी कसं सांगू?"

शरणप्पांनी कोनाड्यातला चमचा घेतला. अंड्याला त्यांचा हात आयुष्यात पहिल्यांदा लागत होता. ते गुळगुळीत होतं, वाटीत निसटत होतं. एका बोटानं दाबून धरून त्यांनी ते कापलं, आतलं पिवळं बाजूला काढलं आणि पांढऱ्याचा तुकडा चमच्यात घेतला.

"उद्यापासनं मीच जाऊन आणतो," ते म्हणाले. "पारूला कामाला उशीर हुतो."