'जागा राखा' असं लिहिलेलं बटण

मी बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, दिव्याचंही नव्हे. डायलिसिस केंद्राच्या वेबसाइटवर उद्याच्या वेळांची यादी असते. तिच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला हिरवं 'जागा राखा' दिसतं ना, तो मी.

एका प्रोग्रॅमरने मला घडवलं. पान उघडलं की त्याच्या सूचनेनुसार मला रंग चढतो, अक्षरं येतात आणि शेवटी कान जोडला जातो. बोट टेकलं की कानाला कळतं आणि मी निरोप केंद्रात पोचवतो. काम एवढंच, पण चोख.

मग केंद्रातल्या स्वागतकक्षातल्या बाई म्हणाल्या, "शिल्लक खुर्च्यांचा आकडा ताजा दिसू दे." म्हणून प्रोग्रॅमरने दर मिनिटाला यादी पुसून नवी मांडायची सोय केली. यादीबरोबर मीही पुसला जातो आणि पुन्हा जन्मतो. तोच रंग, तीच अक्षरं. कान मात्र पान उघडताना एकदाच जोडला जातो. पुढच्या प्रत्येक जन्मी मी ठार बहिरा! त्याला हे कधी कळलंच नाही, कारण तो पान उघडतो आणि लगेच मला दाबून बघतो.

आज शुक्रवार. सकाळी दहाला उद्याची यादी खुली झाली. चार खुर्च्या शिल्लक. एका काकूंनी मोबाइलवर पान उघडलं. शेजारी काका, पाय सुजलेले. मागे एकदा घाईत काकूंनी चुकीची वेळ धरली होती. तेव्हापासून त्या सगळ्या सूचना आणि सगळ्या वेळा बोट ठेवून वाचतात. मग चष्मा पुसतात. मग दाबतात.

तोवर मिनिट उलटलेलं असतं.

"अहो, हे दाबलंच जात नाहीये."

"मला हाक मारतेस त्याच्या निम्मा जोर लाव, पुरे होईल."

"थट्टा राहू द्या. उद्या हुकलं तर परवा रविवार, केंद्र बंद. सोमवारपर्यंत कसे काढणार तुम्ही? गेल्या खेपेला श्वास कोंडला होता, विसरलात?"



काकूंनी पान बंद करून पुन्हा उघडलं. लगेच दाबा हो, मी आतल्या आत ओरडलो. पण मधल्या वेळात काही बदललं असेल म्हणून त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. खुर्च्या तीन झाल्या. मग दोन. घाईची माणसं पान उघडताक्षणी मला दाबून जागा घेऊन जात होती.

काकूंनी केंद्रात फोन लावला. "नोंद वेबसाइटवरूनच होते, माझ्या हातात नाही," असं म्हणून बाईंनी फोन प्रोग्रॅमरला जोडून दिला.

त्याने चाचणीच्या पानावर दाबून पाहिलं. अर्थात, लगेच. "काकू, माझ्याकडे तर चालतंय."

"तुझ्याकडे चालून आमच्या ह्यांना काय उपयोग, बाळा? तू माझ्यासारखं कर. वरपासून वाच. मोठ्याने."

नाइलाजाने तो वाचू लागला. सूचना झाल्या, वेळा झाल्या.

"आता दाब."

त्याने दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

"काकू, चूक माझीच आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "फोन ठेवू नका. आत्ता शोधतो."

आणि तो शोधत बसला. कारणही लवकरच सापडलं त्याला. अरे, मग काकूंना एवढंच सांग ना, पान पुन्हा उघडा आणि न वाचता दाबा! एक खुर्ची आहे अजून! पण चूक दिसली की ती आधी नीट करायची, ही त्याची सवय. यादीभोवतीची बाहेरची चौकट कधी पुसली जात नाही, म्हणून त्याने कान तिलाच बसवला. तपासलं. पुन्हा तपासलं. एकदा मुद्दाम दोन मिनिटं थांबूनही तपासलं.

"काकू, पान उघडा. आता दाबा."

त्यांनी दाबलं. मी ऐकलं, धावत केंद्रात गेलो आणि उत्तर घेऊन आलो. 'जागा शिल्लक नाही.'

आता मी ठणठणीत आहे. कितीही सावकाश वाचा, मला ऐकू येईल. मला दुरुस्त करणाऱ्यांना माझी एकच विनवणी: आधी समोरच्या माणसाची नड भागवा. मी नंतरही सापडेन.

फोन अजून चालू आहे. "उद्या सकाळी कुणी जागा सोडली तर लगेच कळवतो," प्रोग्रॅमर सांगतोय. काकू मला दाबतायत, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी मी ऐकतोय.