पाणी अचानक उतरलं तेव्हा

मित्रांनो, डोंगरातल्या ओढ्यात पस्तीस पावसाळे उभी असलेली मी एक लोखंडी पट्टी आहे. माझ्या अंगावर आकडे कोरलेले आहेत. पाणी कुठल्या आकड्याला टेकलं, ते दाखवणं एवढंच माझं काम.

तो आकडा वहीत उतरवायला मोजणीदार रोज सकाळी येत. तेव्हा वरच्या उतारावर दाट रान होतं. पाऊस कितीही कोसळो, पालापाचोळा तो अडवून धरी, माती तो पोटात घेई आणि सावकाश सोडत राही. भर उन्हाळ्यातही पाणी माझ्या दोनच्या आकड्याखाली गेलं नाही. "गुणाची गं माझी," म्हणत मोजणीदार माझ्यावरचं शेवाळ पुसत.

मग रान तोडलं. तोडणाऱ्यांत मोजणीदारांचा थोरला भाऊही होता. त्या पावसाळ्यात पाणी माझ्या डोक्याशी आलं. मोजणीदारांचे साहेब बघायला आले आणि खूश झाले.

"पाणी वाढलं की हो!"

"वाढलं नाही साहेब, पळत सुटलंय. रंग बघा, मातीच वाहून चाललीये."

"आकडा वाढलाय ना? मग झालं तर!"

मोजणीदार खाली मान घालून लिहीत राहिले.

उतारावर झटपट वाढणारी एकाच जातीची झाडं ओळीने लावली. त्यांच्याखाली गवताची काडी उगवेना. उन्हाळ्यात माझे पाय कोरडे पडू लागले.

पुढे एका पावसाळ्यात सकाळपासून धो धो कोसळत होतं, आणि पाणी अचानक उतरू लागलं. सहा, चार, दोन. मोजणीदार पांढरेफटक पडले. "वर दरड आलीये, पाणी अडलंय!" वही तिथेच टाकून ते खालच्या घरांकडे धावत सुटले.

पुढचं मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकलं. सगळी माणसं बाहेर पडली. थोरला मात्र शेळ्या सोडायला मागे फिरला. "तू वहिनीला घेऊन हो पुढे, मी आलोच!"

तेवढ्यात लोंढा आला. शेळ्या दुसऱ्या दिवशी टेकडीवर चरताना सापडल्या. भाऊ सापडला नाही.

मी कमरेपर्यंत गाळात रुतले. मोजणीदार अजून येतात, बहुतेक दिवशी 'पाणी नाही' असं लिहितात आणि बराच वेळ उताराकडे बघत बसतात.

मित्रांनो, माझा आकडा बघून हुरळून जाऊ नका. आधी वर चढा, पाला बाजूला सारा, माती मुठीत घ्या. ती कोरडी, कडक लागली तर मोठ्या माणसांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. मोजणीदारांनी एकदाच सांगितलं होतं.