काठोकाठ

झाकण उघडं राहिलेला सोडा उन्हात लवकर मरतो.

पापडीत, कार्मिनच्या घरी, कुणाला कच्चं पाणी देत नाहीत.

रंगात मिसळायचं थिनर पाण्यात फारसं विरघळत नाही. जेवढं विरघळतं तेवढं पुरतं.

सातिवलीच्या एका प्रयोगशाळेत जयवंती बावीस वर्षं पाण्याच्या बाटल्या उलट्या करून बुडबुडा शोधते.

“आढळले नाही?” कार्मिनच्या मुलाने, बेसिलने, रिपोर्ट काउंटरवर आपटला. “विहिरीला थिनरचा वास मारतोय आणि तुम्ही लिहिता आढळले नाही? कुंपणापलीकडच्या शेडवाल्याने दिवाळी पाठवली वाटतं!”

“तोंड सांभाळा. बाटली काठोकाठ होती, बर्फात होती. मी स्वतः तपासली. त्यात थिनर नव्हतं.”

“सोमवारी सुनावणी आहे. या कागदावर तो सुटणार. सही कुणाची? तुमची!”

“उद्या येते विहिरीवर. तुमच्यासाठी नाही. सहीसाठी.”

बेसिलच्या वाडीच्या कुंपणाला लागून पत्र्याची शेड होती. आत थिनरचे डबे भरत होते. बेसिलने पोहरा वर ओढला आणि वास नाकात घुसला. जयवंतीने बाटली पाण्यात बुडवली, आतच झाकण फिरवलं, उलटी करून उन्हात धरली. बुडबुडा नव्हता.

“केवढी नाटकं,” बेसिल म्हणाला.

“वर हवेला जागा राहिली की हे पाण्यातून निघून जातं. पाणी तापलं तर आणखी लवकर. मागची बाटली अशीच भरलेली?”

“आईने भरली. मी फक्त बर्फात घालून आणली.”

कार्मिन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “मीच भरली. चांगलं अर्धा तास उकळून, गाळून, थंड करून. शिकलेल्या मानसांकडे कच्चं पानी पाठवू?”

“आई!” बेसिल ओरडला. “तपासायला पाठवायचं होतं, प्यायला नाही!”

“वरडू नको. आठ वर्षं हेच करते. उकळलं की वास जातो. तुझ्या बायकोला तेच पाजते, तरी तिचं डोकं दुखायचं काय थांबत नाय.”

वास जातो कुठे, हे जयवंतीच्या ओठांवर आलं. तेवढ्यात तिला आत शेगडीवर टोप दिसला. पाणी खदखदत होतं. भिंती ओल्या होत्या. टोपाशेजारी बेसिलची बायको मर्सी डोक्याला फडकं बांधून वाल सोलत होती.

जयवंतीने बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली आणि चपला न काढता आत जाऊन गॅस बंद केला.

“अजून धा मिनटं हायेत,” कार्मिन तडकली. “माझ्या घरात तू कोन गॅस बंद करनारी?”

“रिपोर्ट सोमवारी सकाळी मिळेल,” जयवंती बेसिलला म्हणाली. मर्सीला तिने हात धरून उठवलं आणि बाहेर ओट्यावर आणून बसवलं. मर्सीच्या मुठीत वालाच्या शेंगा तशाच होत्या.

स्वयंपाकघराची खिडकी, शेड आली त्याच वर्षी, कार्मिनने विटांनी बुजवून घेतली होती. वास आत येऊ नये म्हणून.