पाच मिलीचा कोपरा

“पळा!” म्हणत मॅडमनी टाळी वाजवली आणि सव्वीस मुली बाकांमधून वाट काढत सुटल्या. नर्सिंगचं पहिलं वर्ष. वर्गाच्या चार कोपऱ्यांत कागद चिकटवलेले : अडीच, पाच, दहा, वीस. प्रश्न सोपा होता. आपल्या मुलांच्या वॉर्डातलं तापाचं सिरप. द्यायचंय अडीचशे मिलिग्रॅम. मोजायचं किती मिली?

पंचवीसजणी दहाच्या कागदाखाली दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. पाचखाली एकटी मुंगी. चणीमुळे हे नाव तिला मैत्रिणींनीच दिलं होतं.

“मुंगे, वाट चुकलीस का गं?” कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

मॅडमही हसल्या. हातातल्या पेनाचं टोपण मात्र उघडझाप करत राहिलं.

“पाच कसे?”

“बाटली बदललीय, मॅडम,” मुंगी हळूच म्हणाली. “परवापासून माझी तिथं ड्युटी लागलीय ना. आता पाच मिलीत अडीचशे असतात. पूर्वी सव्वाशे असायचे म्हणे.”

हसू विरलं. दहा मिली म्हणजे दुप्पट. मॅडमना गेल्या वर्षीची तुकडी आठवली. हाच खेळ, हेच उत्तर, आणि त्या मुली आज वॉर्डात उभ्या होत्या.

“आलेच,” एवढंच म्हणून त्या बाहेर पडल्या. लिफ्टचं बटण दोनदा दाबलं आणि न थांबता जिना धरला. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांच्या वॉर्डात पोचेतो धाप लागली होती.

औषधांच्या ट्रॉलीपाशी गेल्या वर्षीची एक विद्यार्थिनी उभी होती. खेळात नेहमी सगळ्यांत आधी कोपरा गाठणारी. बाटली डोळ्यांसमोर धरून ती छोट्या कपात सिरप ओतत होती.

“थांब! किती देतेयस?”

मुलगी दचकली. “अडीचशे द्यायचंय, मॅडम. पाच मिली.”

मॅडमनी ट्रॉलीची कड घट्ट धरली.

“मी तर दहा शिकवलं होतं.”

“हो, पण ते परीक्षेपुरतं.” मुलगी सहज बोलून गेली आणि जीभ चावली. “म्हणजे… इथं आम्ही दर वेळी लेबल वाचूनच देतो.”

“कधीपासून आहे ही बाटली?”

“सहा-सात महिने झाले असतील.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

मुलीनं कप ट्रॉलीवर ठेवला. पलीकडच्या खाटेवर मूल किरकिरायला लागलं, तशी त्याची आई उठून उभी राहिली.

मॅडमनी बाटली मागून घेतली. चष्मा कपाळावर सरकवून लेबल एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. शेवटचं वॉर्डात कधी आलो, ते काही केल्या आठवेना.

“सकाळची ड्युटी कितीला लागते?”

“सातला.”

“उद्या येते मी.”

मुलीनं घाईघाईनं ट्रॉलीवरच्या बाटल्या सरळ रांगेत लावल्या. “तपासणी आहे का, मॅडम?”

“नाही गं,” मॅडम म्हणाल्या. “तुझ्याबरोबर उभी राहीन. चालेल ना?”