बांधावरचा सराव

"चंद्रे, बांधावरनं धावू नको गो, माती खचते." मेलेल्या बापाची ती हाक चंद्रावतीच्या कानात अजून होती. पेणच्या खाडीकाठच्या त्याच मिठागरात आता तिचा मुलगा मिथुन मोटारसायकल पिटाळत होता, आणि खचलेले बांध लिंपून लिंपून तिचे हात भरून आले होते.

"आये, रविवारी रोह्याला शर्यत हाय. सराव नको?"

"कर की. माझेच बांध दिसले तुला?"

"धाटावच्या कारखान्यांतली मानसं शिफ्ट बदलून बघायला येतात. तू तेवढी येत नायस."

तिनं हातातला चिखल बांधावर आपटला.

"आलेले मी मागल्या खेपेस, तुला न सांगता. तू वळणावर पडलास, उठून परत गाडीवर बसलास. लोक टाळ्या पिटत होते, नि मला जागचं उठवेना."