चार बोटांचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी जर्सी आहे. निळी, कोपरांवर विरलेली आणि खरं सांगायचं तर घाणेरडी. अमेरिकेतल्या बफेलो शहरात वॉल्ट प्रुशिन्स्कीच्या कपाटात मी राहते आणि सदैव धास्तावलेली असते.

आमच्याकडे फुटबॉलचा संघ जिंकत असेल तोवर जर्सी धुवायची नाही अशी रीत आहे. धुतली की नशीब पाण्याबरोबर वाहून जातं म्हणे. पण संघ हरला तरी वॉल्ट मला धुवू देत नाही. एकदा शेवटच्या क्षणी आम्ही जिंकलो, तेव्हा त्याच्या धाकट्या भावानं, एडीनं, त्याला मिठी मारली. एडी कोंबडीचे तिखट पंख खात होता. त्याच्या हाताचा लाल सॉस माझ्या पाठीवर उमटला, चार बोटांचा. करंगळी त्यानं पोलादाच्या कारखान्यात गमावली होती. पुढच्या उन्हाळ्यात एडीच गेला.

वॉल्टची बायको डोलोरेस रोज कुरकुरायची. "त्या चिंधीच्या वासानं शेजारणीचं मांजर आपल्या दारात येईना झालंय."

"संघ रंगात आहे गं. आत्ता नको."

"मागच्या रविवारी सपाटून मार खाल्लाय तुझ्या संघानं."

"म्हणून तर. आत्ता नशिबाला हात लावायचा नाही."

अशात एका साबणाच्या कंपनीला टीव्हीवरच्या जाहिरातीसाठी गावातली सगळ्यात मळकी जर्सी हवी होती. डोलोरेसनं थट्टेत माझा फोटो पाठवला आणि माझीच निवड झाली. मी भीतीनं गारठले. जाहिरात अशी होती: नवरा सामना बघता बघता सोफ्यावर घोरतो, बायको गुपचूप त्याची जर्सी मशीनमध्ये टाकते, आणि मशीन फिरू लागताच हरणारा संघ जिंकायला लागतो. नवरा-बायकोचं काम वॉल्ट आणि डोलोरेसनंच करायचं होतं.

"माझी खरी धुवायची नाही," वॉल्टनं बजावलं.

"काका, निर्धास्त राहा," दिग्दर्शक म्हणाला. "हुबेहूब दोन करून घेतल्यात. त्यातलीच धुवू."

त्या दोघींना माझ्या शेजारी टेबलावर ठेवलं. त्यांच्या पाठीवरचा रंगवलेला डाग माझ्यावरच्यापेक्षाही खरा दिसत होता. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी टेबल आवरलं आणि आमची सरमिसळ झाली. सुट्टीनंतर डोलोरेसनं हात घातला आणि नेमकं मलाच उचललं.

मला तोंड नाही, मित्रांनो. असतं तर मी किंचाळले असते. वॉल्ट सोफ्यावर डोळे मिटून खोटं खोटं घोरत होता. सगळे हसत होते. मशीनमधलं पाणी मला दिसत होतं. एडीची बोटं आता जाणार, या एका विचारानं माझा धागान् धागा थरथरत होता. माझी एक बाही पाण्यात बुडालीसुद्धा.

डोलोरेसचं नाक आक्रसलं. ती थांबली.

"टाका ना," दिग्दर्शक म्हणाला. "छान चाललंय."

"ही आमची आहे."

"तिन्ही सारख्याच आहेत हो."

"इतकी वर्षं या वासाला शिव्या दिल्यात मी. मला ओळखू येणार नाही?" तिनं मला पालथं केलं आणि डागावर आपली बोटं ठेवली. "तुमच्या रंगाऱ्यानं पाच काढलीत. आमच्या एडीला चारच होती."

कुणीच हसलं नाही. वॉल्ट उठून बसला. त्यानं मला घेतलं आणि ओली बाही पिळली.

जाहिरात झाली ती खोट्या जर्सीवर. ती लागली की शेजारीपाजारी अजून पोट धरून हसतात. मी मात्र मशीनचा आवाज ऐकला तरी आक्रसते. मित्रांनो, स्वच्छ राहा, कपडे जरूर धुवा. पण दुसऱ्याचा जुना कपडा पाण्यात टाकण्याआधी त्याला एकदा विचारा, एवढीच माझी विनवणी आहे.

वॉल्टला आता सबबी सांगाव्या लागत नाहीत. डोलोरेस अजून कुरकुरते, "वास मारतोय." आणि मला कपाटात ठेवताना डाग घासला जाऊ नये म्हणून ती स्वतःच माझी उलटी घडी घालते.